प्लॉट विकायचा का, हा नंतरचा प्रश्न

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावातून एका आईनं लिहिलं आहे. लेक पंधरा वर्षांची, यंदा दहावीत. सातव्या वर्षापासून टेनिस खेळते आणि १६ वर्षांखालच्या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या पन्नासात आहे. पुण्यातल्या एका अकॅडमीचे सर म्हणतात की पोरीत दम आहे, पण आत्ता नाही तर कधीच नाही. नेहमीची शाळा सोडा, मुक्त विद्यालयातून परीक्षा द्या आणि मुलीला पूर्णवेळ पुण्यात ठेवा, असा त्यांचा सल्ला आहे. वडिलांचं दुकान आहे. घरासाठी घेऊन ठेवलेला प्लॉट विकायला ते तयार आहेत. आईनं बँकेतली नोकरी सोडून लेकीबरोबर पुण्यात राहायचं, असं घरात जवळजवळ ठरलंय. धाकटा मुलगा पाचवीत. सासूबाईंचं म्हणणं, पोर उन्हात रापली, उद्या लग्नाचं काय. आई विचारतात: "सानियासारखं व्हायचं तर आत्ताच सगळं पणाला लावायला हवं ना? नाही लावलं आणि उद्या लेकीनं विचारलं, तर काय उत्तर देऊ?"

ताई,

तुमच्या पत्रात सर काय म्हणाले, मिस्टर काय म्हणाले, सासूबाई काय म्हणाल्या, हे सगळं सविस्तर आहे. लेक काय म्हणाली ते एकाच ठिकाणी आलंय, तेही जाता जाता. कोल्हापूरची मॅच हरून परत येताना गाडीत ती म्हणाली, "आई, पुढच्या आठवड्यात सोलापूरला जायलाच हवं का?" पुढे तुम्ही लिहिलंय, दमली होती म्हणून बोलली.

असेलही तसं. तीन सेटची मॅच उन्हात खेळून हरलेली पोर गाडीत काहीही बोलते, आणि त्या एका वाक्यावरून तिला टेनिस नकोय असा अर्थ मी काढणार नाही. तुम्हीही काढू नका. पण ती दमली होती हा अर्थही तुम्हीच लावलाय, तिला विचारलेलं नाही. प्लॉटच्या कागदांना हात लावण्याआधी हे विचारून घ्या.

कसं विचारायचं, तेही सांगते. मॅचनंतर नको, गाडीत नको, वडिलांसमोर नको. "तुला टेनिस आवडतं ना?" असं तर मुळीच नको, कारण आठ वर्षं आईबाप आपल्यासाठी धावताहेत हे बघणारी मुलगी त्याला हो म्हणणारच. त्यापेक्षा असं विचारा: महिनाभर रॅकेट हातात घेतली नाहीस, तर कशाची आठवण येईल? सराव, सामने, प्रवास यातलं काय नकोसं होतं? पुण्याला राहायला जायचं म्हटल्यावर पहिल्यांदा मनात काय येतं? ती जे सांगेल त्यावर लगेच काही बोलू नका. आठवड्याभरानं पुन्हा विचारा. सामन्यांचा कंटाळा येणं वेगळं, हरण्याची भीती वाटणं वेगळं आणि खेळच नकोसा होणं वेगळं. तिघांवरचा इलाज वेगळा आहे.

आता सरांच्या "आत्ता नाही तर कधीच नाही" याकडे येऊ. ते मनापासून म्हणत असतील, याबद्दल मला शंका नाही. पण आपल्याच मुलींची कारकीर्द पाहिली, तर हे खरं ठरत नाही.

अंकिता रैना घ्या. मूळची अहमदाबादची, पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे सरांकडे घडली. एकेरीत ती जगातल्या पहिल्या दोनशेत पोचली २०१८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. त्याच वर्षी जकार्ताच्या एशियाडमध्ये एकेरीचं ब्राँझ मिळवलं. तिचं सर्वोत्तम रँकिंग १६०, तेही २०२० मधलं. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले मधली काही वर्षं अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, तिथल्या संघातून खेळली, परत आली, आणि हांगझोऊच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. बार्शीची प्रार्थना ठोंबरे दुहेरीच्या वाटेनं गेली. २०१४ ला इंचॉनच्या एशियाडमध्ये सानियाबरोबर ब्राँझ आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिक.

आणि स्वतः सानिया. आपल्याला आठवते ती सोळाव्या वर्षी विम्बल्डनची मुलींची दुहेरी जिंकलेली सानिया. एकेरीत ती २७ व्या क्रमांकापर्यंत गेली, २००७ मध्ये. पुढे मनगटाचं दुखणं आलं, ऑपरेशन झालं, आणि शेवटी तिनं एकेरी सोडली. दुहेरीत ती जगात पहिली झाली ती २०१५ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. सहा ग्रँडस्लॅम मिळाली, सगळी दुहेरी आणि मिश्र दुहेरीत. ती ज्या गोष्टीसाठी ओळखली जाते, ती पंधराव्या वर्षी कुणाच्याही योजनेत नसणार. म्हणून सानियासारखं व्हायचं म्हणजे नेमकं काय, हे आधी घरात ठरवा. सानिया किंवा काहीच नाही, अशी अट मनात ठेवून सुरुवात केलीत, तर ऋतुजा, अंकिता, प्रार्थना यांच्यासारखी कारकीर्दही तुमच्या घरात अपयशात जमा होईल, आणि हा फार मोठा अन्याय आहे.

दुसरं म्हणजे, पंधराव्या वर्षी पूर्णवेळ व्यावसायिक व्हायला महिला टेनिसची संघटनाच परवानगी देत नाही. डब्ल्यूटीएच्या नियमानं चौदाच्या आतल्या मुलीला व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाहीत. पंधराव्या वर्षी वर्षाला १० स्पर्धा, सोळाव्या वर्षी १२, सतराव्या वर्षी १६ अशी मर्यादा आहे. चांगल्या रँकिंगच्या मुलींना थोड्या वाढवून मिळतात, पण पूर्ण मोकळीक अठरानंतरच. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत व्यावसायिक झाली, सोळाव्या वर्षी बार्सिलोनात ऑलिंपिक सुवर्ण जिंकली आणि त्यानंतर साधारण वर्षभरात खेळापासून तुटली. पुढचे तिचे दिवस फार वाईट गेले. अशा मुलींची होरपळ बघून हे नियम कडक झाले. कॅप्रियाती परत आली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच दोन्ही जिंकली, तेव्हा ती पंचविशीत होती. ऑस्ट्रेलियाची ॲश बार्टी अठराव्या वर्षी टेनिस सोडून क्रिकेट खेळायला गेली, दीड-दोन वर्षांनी परतली आणि जगात पहिली झाली. चीनच्या ली नानं मध्ये दोन वर्षं खेळ सोडून कॉलेज केलं, नंतर दोन ग्रँडस्लॅम जिंकल्या. या खेळात थांबून परत येता येतं. दहावीचं वर्ष शाळेत काढल्यानं दार बंद होत नाही.

शाळा सोडली तर मात्र एक दार खरंच बंद होऊ शकतं, आणि ते टेनिसचंच आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत टेनिससाठी शिष्यवृत्ती मिळते. चांगल्या मुलीला पूर्णही मिळू शकते. शिक्षण, कोच, फिजिओ, जिम, वर्षभर तगड्या मॅचेस, आणि खर्च कॉलेजचा. डॅनिएल कॉलिन्स तिथूनच आली. व्हर्जिनिया विद्यापीठातून पदवी घेतली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल खेळली. पण एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना; तिच्या वरच्या दोन विभागांत खेळायला नववी ते बारावीतले ठरावीक १६ विषय मान्य व्हावे लागतात, आणि त्यांचे गुण मोजले जातात. म्हणजे तुमच्या लेकीची ही मोजणी सुरू झालेली आहे. मुक्त विद्यालयाचा रस्ता वाईट नाही, पण तिथले विषय ते मान्य करतील का, हे आधी लेखी विचारा. बक्षिसाची रक्कम किती घेतलेली चालते, बारावीनंतर किती काळात प्रवेश घ्यायचा, यावरही नियम आहेत आणि ते बदलत असतात. पहिला बक्षिसाचा चेक घेण्याआधी ते पाहून घ्या.

आता पैसे. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण याच पत्रासारखी इतर पत्रंही येतात आणि जवळपास प्रत्येकात एक समजूत असते, की व्यावसायिक झाली की कमावायला लागेल.

महिला टेनिसची सगळ्यात खालची व्यावसायिक स्पर्धा म्हणजे आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, डब्ल्यू-१५. एकूण बक्षीस १५,००० डॉलर, सगळ्या खेळाडूंत मिळून. एकेरी जिंकणारीला मिळतात दोन हजार डॉलरच्या थोडं वर. मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणारीला साधारण दीडशे, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये, त्यातूनही कर कापून. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मुख्य ड्रॉच्या आधीच्या पात्रता फेरीत हरली तर जवळपास हात हलवतच यायचं. त्या आठवड्याचं हॉटेल, जेवण, प्रवास, गटिंग म्हणजे रॅकेटच्या तारा बदलणं, सोबत कोच असेल तर त्याचं सगळं, हे मांडून बघा. स्पर्धा जिंकली तर खर्च निघतो, सेमीफायनलला हरली तर खिशातून जातात.

गुणांचंही तसंच. डब्ल्यू-१५ जिंकली की १५ गुण. रँकिंगला वर्षातले सर्वोत्तम १८ निकाल धरतात. समजा अठराच्या अठरा स्पर्धा जिंकल्या, तरी २७० गुण होतात आणि तेवढ्यानं पहिल्या दोनशेत जाता येत नाही. म्हणून डब्ल्यू-३५, डब्ल्यू-५०, डब्ल्यू-७५ असं वर चढावं लागतं, आणि वर जाल तशी समोरची मुलगी कठीण. ग्रँडस्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये थेट जागा साधारण पहिल्या शंभर जणींना मिळते. २०२५ च्या विम्बल्डनला पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूला ६६,००० पौंड मिळाले. दीडशे डॉलर आणि ६६,००० पौंड, या दोन्हींच्या मध्ये काही वर्षं असतात आणि ती वर्षं कुणाच्या तरी पैशांवर काढावी लागतात.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. या खर्चाला गुंतवणूक म्हणू नका, एवढंच सांगायचंय. मुलीच्या शिक्षणावर, तिच्या आवडीवर आपण खर्च करतो आणि तो परत मागत नाही. टेनिसवर खर्च करायचा तो तेवढाच, जेवढा परत आला नाही तरी तुमचं घर, धाकट्याचं शिक्षण आणि तुमचं म्हातारपण हलणार नाही. प्लॉट त्या हिशोबात बसतो का, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. माझं मत विचाराल तर आत्ता विकू नका. प्लॉटचं ओझं लेक कोर्टवर घेऊन जाईल. ५-५ झाल्यावर, दुसरी सर्व्हिस करताना, हा पॉइंट म्हणजे बाबांचा प्लॉट असं वाटायला लागलं तर हात मोकळा चालत नाही. तुम्ही तिला सांगितलं नाहीत तरी तिला कळेल. घर लहान असतं.

मग करायचं काय? हे वर्ष शाळेत काढू द्या. दहावी राज्य मंडळाकडून नियमित होऊ द्या. खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी शाळेमार्फत अर्ज वेळेत जाईल हे बघा. गावातल्या कोचकडे सराव सुरूच ठेवा आणि सुट्ट्या जोडून महिन्यातून काही दिवस पुण्यात सरांकडे पाठवा. परीक्षा झाली की उन्हाळ्यात तीन महिने पुणे, पूर्णवेळ, चाचणी म्हणून. तुम्ही नोकरीचा राजीनामा देऊ नका, रजा घ्या; बिनपगारी घ्यावी लागली तरी चालेल. घरातला ठरलेला पगार हा खेळाडूच्या घराचा सगळ्यात मोठा आधार असतो, आणि लेक अठराची होऊन एकटी फिरायला लागेल तेव्हा तुम्हांला परत कामावर कोण घेईल? तीन महिन्यांनंतर तिघांनी बसून ठरवायचं, ते पुढच्या दोन वर्षांपुरतं. दोन वर्षांचा आकडा कागदावर लिहा: अकॅडमी, राहणं, प्रवास, आणि दुखापतीसाठी राखून ठेवलेली रक्कम. त्या आकड्यापलीकडे जायचं नाही, यावर दोघांनी सह्या करा. हे ऐकायला कोरडं वाटतं, पण हरलेल्या मॅचच्या रात्री घेतलेले निर्णय यामुळेच टळतात.

अकॅडमीला आत्ताच विचारून घ्यायच्या गोष्टी आहेत. एका कोर्टवर किती मुलं असतात? तिला रोज शिकवणार कोण, मोठे सर की मदतनीस? स्पर्धेला बरोबर कोण येणार आणि त्याचा खर्च कसा? मध्येच सोडलं तर फी परत मिळते का? आणि सरांना विचारा, एका वर्षानं तिला काय यायला हवं? उत्तर रँकिंगच्या आकड्यात आलं तर पुन्हा विचारा. "दुसरी सर्व्हिस छातीच्या उंचीवर उसळायला हवी", "बॅकहँडला दडपण आल्यावर ती पळ काढते, ते थांबायला हवं", असं काही नेमकं सांगणारा माणूस तुमच्या मुलीला बघतोय असं समजा. एकदा अशा कोचचंही मत घ्या, ज्याच्या अकॅडमीत ती जाणार नाही. त्याची फी द्या आणि खरं बोला म्हणावं.

लेकीला एकदा महिलांची आयटीएफ स्पर्धा दाखवून आणा. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर होते, सोलापुरातही झाली आहे. फायनलला नेऊ नका, क्वालिफाइंगच्या दिवशी सकाळी न्या. बाजूच्या कोर्टवर बॉल उचलायला कुणी नसतं, गॅलरी रिकामी असते. चोविशीतली एखादी मुलगी हरते, सावलीत बसून पायाला बर्फ लावते, एका हातानं मोबाइलवर पुढच्या गावाचं तिकीट शोधत असते. दुपारी तीच दुहेरीसाठी नाव द्यायला जोडीदार शोधत हिंडते, आणि संध्याकाळी तिसऱ्या कोर्टवर मनापासून हसत दुहेरी खेळताना दिसते. जमलं तर लेकीला तिच्याशी बोलू द्या, तुम्ही लांब थांबा. हे बघून तिचे डोळे चमकले तर तो मोठा पुरावा आहे. ती गप्प झाली तर तेही ऐका.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही, पण मुलीच्या आईला सांगायलाच हवं. स्पर्धेला कोचबरोबर एकटी पाठवू नका; अजून एक मुलगी आणि तिची आई किंवा बाबा बरोबर असू दे. खोली वेगळी, हा नियम आणि त्याला अपवाद नाही. "मला सर आवडत नाहीत" असं ती कधीही, कारण न देता म्हणू शकते आणि तुम्ही तिला घरी आणाल, हे तिला आजच सांगून ठेवा. पाळी तीन-चार महिने चुकली तर सरावामुळे होतं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींची हाडं यातूनच दुखावतात. अकॅडमीत मिळणारी पावडर किंवा गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ देऊ नका, उत्तेजक चाचणीत अडकल्यावर अजाणतेपण फारसं कामी येत नाही. व्यावसायिक ड्रॉमध्ये नाव आलं की सट्टा लावणारे लोक हरल्यावर इन्स्टाग्रामवर घाणेरडं लिहितात. जगातल्या मोठ्या खेळाडूंनाही लिहितात. सुरुवातीची काही वर्षं तिचं खातं तुम्ही सांभाळा. आणि मॅच सोडण्यासाठी कुणी पैसे देऊ केले, तर नाही म्हणून गप्प बसायचं नसतं, ते कळवणं खेळाडूवर बंधनकारक आहे. हे तिला माहीत असू द्या.

सासूबाईंना रंगाबद्दल उत्तर द्यायची गरज नाही. लेकीसमोर तो विषय निघाला तर तिथल्या तिथे थांबवा, एवढं पुरे. मिस्टरांशी मात्र बोला. प्लॉट विकायला निघालेला बाप लेकीवर जीव टाकतो, हे मला दिसतंय. त्यांना सांगा की तिला तुमचा प्लॉट नकोय, हरून आल्यावर जेवताना टेनिस सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलणारे बाबा हवे आहेत. आणि धाकट्याला विसरू नका. रविवार कित्येक वर्षं ताईच्या मॅचचे आहेत. महिन्यातला एक रविवार त्याचा, फक्त त्याचा ठेवा.

उद्या लेकीनं विचारलं तर काय सांगू, असं तुम्ही लिहिलंत. या दोन वर्षांत जे ठरेल ते तिच्यासमोर, तिला धरून ठरवलंत, तर हा प्रश्न तिला तुम्हांला विचारावा लागणार नाही.

ज्या मुली आता वीस-बावीसच्या आहेत, रँकिंग हलत नाही, घरचे पैसे संपत आलेत, आणि ज्यांनी मला असंच लिहिलंय, त्यांच्यासाठी थोडं. एकेरी थांबवणं म्हणजे टेनिस सोडणं नव्हे. दुहेरी आहे, कोचिंग आहे, पंच म्हणून प्रशिक्षण आहे, फिजिओथेरपी आणि क्रीडा मानसशास्त्र आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे; त्यासाठी कोणत्या पातळीवरची कामगिरी आणि कुठली प्रमाणपत्रं लागतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, आणि जुनी प्रमाणपत्रं आजच एका फाइलमध्ये लावा. पुष्कळ मुलींची ती हरवलेली असतात.

ताई, या आठवड्यात सरांना फोन करून एवढंच सांगा की दहावीपर्यंत शाळा सुटणार नाही, उन्हाळ्यात तीन महिने येतो, आणि वरच्या प्रश्नांची उत्तरं लेखी हवी आहेत. मुलीत दम आहे असं त्यांना खरोखर वाटत असेल, तर ते थांबतील.